काळ्या पाषाणात हायड्रोजन? कोरडं बोअर चालणार नाही

सोलापूरच्या सौरविजेवर बनवलेला हायड्रोजन वायू साठवायला कोरड्या बोअरमध्ये भरता येईल का, असं एकाने विचारलंय. नाही. आपल्या बेसॉल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, घट्ट थरांच्या मधोमध सच्छिद्र, भेगाळ थर असतात. जिथून पाणी पळतं तिथून हायड्रोजन सहज निसटेल. इंग्लंडात टीसाइडला १९७२पासून तो मिठाच्या पोकळ्यांत साठवतात, मीठ भेगा स्वतःच बुजवतं म्हणून. इथे जमलंच तर स्वीडनमधल्या लुलेओसारखी पोलादी अस्तराची गुहा (तिथली १०० घनमीटरची, जमिनीखाली ३० मीटरवर). जागेसाठी आधी जमिनीत इलेक्ट्रोड (धातूच्या सळ्या) रोवून रोधकता, म्हणजे विजेला होणारा अडथळा, मोजा: पाणी भरलेला थर कमी दाखवतो, घट्ट पाषाण जास्त. उन्हाळ्यात काळी माती फाटते, इलेक्ट्रोडचा संपर्क सुटतो आणि आकडे नाचतात. इलेक्ट्रोडच्या बुडाशी मिठाचं पाणी ओता. पुढे गुहेत साठवण सुरू झाली की दाबासोबत तापमानही नोंदवा. भरल्यावर गॅस १० अंशांनी निवला, तर दाब सुमारे ३ टक्के उतरतो. ती गळती नव्हे.