कुत्रा पाळायला कुठला भाग बरा: बेळगाव शहर, खानापूर, चिक्कोडी की घाटाखालचा गोवा?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)

गोवा एक नंबर, बेळगाव ठीक, आणि खानापूर-चिक्कोडीकडे कुत्रं म्हणजे नुसती राखण, अशी उतरंड सीमाभागात सगळेच धरून चालतात. कुत्र्याला आत घेणारी हॉटेलं आणि रिसॉर्ट किती, एवढ्यावरच ती बेतलेली आहे. वर्षातून हॉटेलात जाणं होतं चार दिवस. उरलेल्या दिवसांत कुत्र्याला लागतं ते सोसेल असं हवामान, चालायला जागा आणि रात्री अकराला पोट फुगलं तर तासाभरात गाठता येईल असा डॉक्टर. या तिन्ही गोष्टींत बेळगाव शहर पहिलं, असं माझं म्हणणं आहे.

हवामानाचंच घ्या. शहर साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. अथणी-रायबागकडे पारा चाळिशीला टेकतो तेव्हाही इथली संध्याकाळ वळवाच्या पावसानं निवते. गोव्यात आकडा कमी दिसतो, पण हवा ओली असते. कुत्र्याला घाम येतो तो पंजांपुरता. अंगातली उष्णता तो धापा टाकून, जिभेवरचा ओलावा उडवून बाहेर काढतो. हवाच दमट असली तर ओलावा उडत नाही, म्हणून ३३ अंशांच्या पणजीत लॅब्रेडॉर ३६ अंशांच्या बेळगावपेक्षा जास्त हैराण होतो. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकांच्या कुत्र्यांना तर मे महिन्यात घाट उतरवूच नये.

चालायला कॅम्पातले रुंद, झाडांखालचे रस्ते आहेत, टिळकवाडीत वॅक्सिन डेपोचं मैदान आहे. शहरात सरकारी आणि खासगी दवाखाने आहेत, आणि मोठंच काही निघालं तर गदगचं पशुवैद्यकीय महाविद्यालय एका दिवसात जाऊन येण्याजोगं आहे.

चोर्लाखालचा

हॉटेलं मोजू नयेत, हे मान्य. पण तुम्ही मोजलेल्या तीन गोष्टींत चौथी नाही, आणि तीच सगळ्यांत मोठी आहे: रस्त्यावरची कुत्री लस टोचलेली आहेत का?

तुमचा कुत्रा कितीही लाडाचा असो, त्याचा सकाळचा रस्ता गल्लीतल्या टोळीतूनच जातो. गोव्यात गेली दहा-बारा वर्षं रेबीजविरोधी लसीकरण गावोगाव चाललंय. जाळीनं कुत्रं धरायचं, लस टोचायची, अंगावर रंगाची खूण करायची, फोनवर जागेसकट नोंद करायची आणि तिथंच सोडायचं. दुसऱ्या दिवशी खूण असलेली आणि नसलेली कुत्री मोजतात आणि जिथं कमी भरली तिथं परत जातात. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं ते याच कामामुळं.

हिशेब सोपा आहे. एका भागातली किमान ७० टक्के कुत्री लसवंत असली तर रोगाची साखळी तुटते. पण रस्त्यावरचं कुत्रं जेमतेम तीन वर्षं जगतं आणि पिल्लं दरवर्षी होतात, त्यामुळं एक वर्ष मोहीम चुकली की टक्केवारी ढासळते. एखाद्या रविवारी शिबिर घेऊन फोटो काढले की काम झालं, असं नसतं. बेळगावच्या उपनगरांत हे सलग, दरवर्षी, मोजून होतंय का? होत नसेल तर तुमचं गार हवामान काय कामाचं?

टिळकवाडीकर

मुद्दा बिनतोड आहे. मी घरातल्या कुत्र्याच्या लसीवर थांबलो होतो. पण मग तुमच्या किनाऱ्यांचंही बोला. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथं ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि कुत्री घरटी उकरतात. कुत्रा मोकळा सोडायला किनारा, ही कल्पना तिथं तरी चालत नाही.

चोर्लाखालचा

नाहीच चालत, आणि चालू नये. त्या दिवसांत तिथं कुत्रा पट्ट्यावरच हवा, तोही घरट्यांच्या पट्टीपासून लांब.

शहापूरची गल्ली

टिळकवाडी आणि कॅम्प म्हणजे बेळगाव नव्हे. शहापूर, वडगाव, खडेबाजारच्या मागच्या गल्ल्या बघा. घराच्या उंबऱ्यासमोर गटार, गटारासमोर रस्ता, रस्त्यावर दुचाकी. अशा ठिकाणी कुत्र्याला शी-शूला न्यायचं कुठं, इथंच शेजाऱ्यांशी पहिलं भांडण होतं. पिशवी आणि खुरपं बरोबर नसेल तर ते भांडण शेजाऱ्याचं रास्त आहे.

दुसरं, आवाज. गणपती विसर्जन आणि त्याहून जास्त आपली वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक. रात्रभर डॉल्बी. गल्लीतल्या घरात तो आवाज भिंतीतून येतो. कुत्रं साखळी तोडतं, गच्चीवरून उडी टाकतं, आणि दुसऱ्या दिवशी ‘कुत्रा हरवला आहे’चे मेसेज फिरतात. यासाठी तयारी आठ-दहा दिवस आधी लागते. घरातली सगळ्यांत आतली, शक्यतो बिनखिडकीची खोली ठरवायची. रोजचं जेवण तिथंच द्यायचं, म्हणजे ती जागा त्याची होते. मिरवणुकीच्या दिवशी सूर्य मावळायच्या आत लांब फेरी, मग जेवण, मग पंखा आणि टीव्ही चालू. साखळीनं बांधून ठेवू नका, घाबरलेलं कुत्रं साखळीत अडकून मान आवळून घेतं. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच. भीती फारच असेल तर डॉक्टर गोळी देतात, पण ती आवाज सुरू व्हायच्या तास-दीड तास आधी पोटात गेली पाहिजे. थरथर सुरू झाल्यावर दिलेली गोळी निम्मी वाया जाते. आणि माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देणं हा प्रकार कृपा करून बंद करा.

चिक्कोडीचा शेतकरी

तुम्ही सगळे बांधलेल्या कुत्र्याचं बोलताय. आमच्याकडं कुत्रं मोकळं असतंय, आणि त्याची खरी चैन तीच की. तिसऱ्या मजल्यावर ठेवून दिवसातून दोनदा वीस मिनिटं फिरवायचं आणि वर ‘कुठला भाग श्वानप्रेमी’ म्हणून विचारायचं, हे मला पटत न्हाई. वस्तीवर चार एकराचा फेरा, पाटाचं पाणी, भाकरी-ताक, रात्री अंगणात झोप. चिक्कोडी, रायबाग, हुक्केरीत मळ्यात राहणारं कुत्रं सुस्त होत न्हाई, लठ्ठ होत न्हाई. उन्हाचं म्हणाल तर दुपारभर ते गोठ्याच्या ओल्या मातीत खड्डा करून पडतंय. डांबरी रस्त्यावर चटके खातं ते शहरातलं कुत्रं.

पशुवैद्य, खानापूर भाग

मळ्यातलं कुत्रं तब्येतीनं काटक असतं, हे खरं. पण ते मरतं कशानं, हेही मांडायला हवं.

पहिलं कारण विष. उसात उंदरासाठी झिंक फॉस्फाइडचं आमिष ठेवतात. ते पोटातल्या आम्लात मिसळलं की फॉस्फिन वायू होतो. ओकारीला लसणासारखा किंवा कुजक्या माशासारखा वास येतो, आणि तो वायू माणसालाही घातक असतो. कुत्रा उघड्यावर आणा, वारा ज्या बाजूनं येतो त्या बाजूला उभे राहा. लोक घाबरून दूध किंवा भाकरी चारतात. पोटात अन्न पडलं की आम्ल वाढतं आणि वायू आणखी सुटतो, त्यामुळं काहीही खायला घालू नका. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका, त्यानं रक्तातलं मीठ वाढून झटके येतात. विषाची पुडी किंवा डबी फेकू नका, ती घेऊनच निघा.

कीटकनाशकाचं विष वेगळं दिसतं. तोंडातून लाळेची धार, डोळ्यांना पाणी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आणि अंगावर मुंग्या धावल्यासारखे स्नायू उडणं. यावर अ‍ॅट्रोपिन आहे, पण वेळ मिनिटांत मोजायची असते. वस्तीपासून दवाखाना चाळीस मिनिटांवर असेल तर निघतानाच फोन करा, म्हणजे सुई भरून तयार राहते.

दुसरं कारण बिबट्या. उसात मादी पिल्लं घालते आणि अंगणात बांधलेलं कुत्रं तिला सगळ्यांत सोपं पडतं. मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तो उगीच नव्हे, झडप मानेवरच येते. पण रात्री जाळीच्या, वरून झाकलेल्या पिंजऱ्याला पर्याय नाही. आणि हे फक्त मळ्याचं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या दिसला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि शोधासाठी शिवमोग्याजवळच्या सक्रेबैल छावणीतले हत्ती आणले होते.

आता आमचा खानापूर तालुका. जांबोटी, कणकुंबी, लोंढा. हिरवंगार दिसतं म्हणून लोक कुत्रं घेऊन येतात आणि गोचीड घेऊन परततात. घरातला तपकिरी गोचीड कुत्र्यावर राहतो थोडा, भिंतीच्या फटीत जास्त. एक मादी हजारोंनी अंडी घालते ती फरशीच्या सांध्यात, दाराच्या चौकटीत. म्हणून नुसती आंघोळ घालून काही होत नाही. कुत्र्याला महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोळी वजनाप्रमाणे, आणि त्याच वेळी फटी सिमेंटनं बुजवणं, अंथरूण कडक उन्हात. हे निदान तीन महिने सलग. गाईचं औषध अंदाजानं कुत्र्यावर ओतू नका, आणि घरात मांजर असेल तर सायपरमेथ्रिन (गोचीड मारायचं औषध, मांजराला विषारी) घरात आणूच नका.

गोचिडतापात हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं, प्लेटलेट कोसळतात. औषध साधारण चार आठवड्यांचं असतं. पाचव्या दिवशी कुत्रं जेवायला लागतं आणि मालक गोळ्या थांबवतात. दुखणं उलटतं ते तिथंच.

भीमगड अभयारण्यात (२०११ पासून) तर पाळीव कुत्रं नेऊच नका. तिथं कोळसुंदे, म्हणजे रानकुत्री आहेत. आपल्या कुत्र्याचा डिस्टेंपर किंवा पार्व्हो (कुत्र्यांचे साथीचे रोग) त्यांच्या कळपात गेला तर कळप संपतो.

चिक्कोडीचा शेतकरी

विषाचं बरोबर बोललात. आमिष बिळात खोल घालून वर माती लोटली तर कुत्र्याच्या तोंडाला लागत न्हाई. बांधावर उघडं टाकणारा शेजारी असतो, त्याला सांगावं लागतंय. मोकळ्या कुत्र्याचं माझं म्हणणं मात्र मागं घेत न्हाई.

निपाणीकर

कोल्हापूर निपाणीपासून चाळीसेक किलोमीटर, त्यामुळं आमच्याकडचे बरेच जण डॉक्टरला तिकडेच जातात. इथं एक शंका वारंवार येते: रॉटवेलर, पिटबुल घेऊन हद्द ओलांडली तर बंदी लागते का? महाराष्ट्रात सुटतं आणि कर्नाटकात पकडतात, असं सांगणारे भेटतात.

टिळकवाडीकर

उलट सांगतात ते. केंद्रानं १२ मार्च २०२४ ला २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं १० एप्रिल २०२४ ला ते रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नाही या कारणानं. पण बंदी गेली म्हणजे जबाबदारी गेली, असं नाही. एवढा ताकदीचा कुत्रा गल्लीत नेताना आखूड पट्टा आणि तोंडाला मझल हवंच.

लोंढा जंक्शन

प्रवासाचं कुणीच बोललं नाही. प्रदेश श्वानप्रेमी आहे की नाही, हे स्टेशनावर कळतं.

रेल्वेत कुत्रा मालकासोबत जातो तो फक्त प्रथम वर्ग वातानुकूलितमध्ये, तेही दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर असेल तर. टू टियर, थ्री टियर, स्लीपर, चेअर कार यांत नाही, त्यामुळं वंदे भारतचा विचार सोडा. ऑनलाइन तिकीट काढताना कूपे निवडता येत नाही, तो चार्ट लागताना मिळतो. म्हणून तिकीट काढल्यावर विभागीय कार्यालयाला कूपेसाठी अर्ज द्यायचा, आपल्याला हुबळी विभाग लागतो. गाडीच्या दोन-तीन तास आधी पार्सल कार्यालयात कुत्र्यासह हजर राहायचं, लसीचं पुस्तक आणि एक-दोन दिवसांतलं डॉक्टरचं प्रमाणपत्र दाखवून पावती करायची. कूपे मिळाला नाही तर उरतो गार्डच्या डब्यातला लोखंडी पेटारा. मोठ्या कुत्र्याला त्यात वळता येत नाही आणि उन्हाळ्यात पत्रा तापतो. त्यापेक्षा तिकीट रद्द केलेलं बरं.

बसमध्ये केएसआरटीसीनं (कर्नाटकचं सरकारी परिवहन निगम) २०२२ मध्ये साध्या गाड्यांत कुत्र्याला अर्धं तिकीट ठरवलं, आरामगाड्यांत परवानगी नाही.

शहापूरची गल्ली

केएसआरटीसी आणि आपल्या भागात बस चालवणारं वायव्य कर्नाटक परिवहन निगम वेगळं आहे. मध्यवर्ती बसस्थानकात चौकशी खिडकीवर आदल्या दिवशी विचारून घ्या, नाहीतर कंडक्टर दारातूनच परत पाठवतो.

चोर्लाखालचा

चोर्ला घाटानं येणार असाल तर कुत्र्याचं शेवटचं जेवण पाच-सहा तास आधी, पाणी थोडं थोडं. वळणांत ओकारी होते ती भरल्या पोटामुळं. पण माझा प्रश्न तसाच आहे: लसीकरण मोजून होतंय का? त्यावर कुणी आकडा दिला नाही.

पशुवैद्य, खानापूर भाग

आकडा देणार नाही, पण तुम्हाला स्वतःला तपासता येतं. सकाळी सहाला, कचऱ्याची गाडी यायच्या आधी, आपल्या वॉर्डात एक ठरलेला रस्ता चाला आणि दिसेल ते प्रत्येक कुत्रं मोजा. कानाला कात्रीनं काप दिलेला दिसला तर नसबंदी झालेली. हा काप यंदाची लस झाल्याचा पुरावा नव्हे, ही गल्लत सगळीकडे होते. कापाची किती, बिनकापाची किती, दूध पाजणाऱ्या माद्या किती, हे सलग तीन दिवस लिहा. माद्या जास्त दिसल्या तर पुढच्या सहा महिन्यांत टोळी वाढणार, आणि लस टोचलेल्यांची टक्केवारीही घटणार. ही वही घेऊन महापालिकेच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडे गेलात तर बोलणं ‘कुत्री फार झालीत’वर थांबत नाही.

आणि चावलंच तर: साबणानं वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लस ०, ३, ७, १४, २८ या दिवशी. कातडी फाटली असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांची सुई). कुत्रं दहा दिवस धडधाकट राहतंय का बघत बसून पहिली सुई लांबवू नका.

टिळकवाडीकर

मग क्रम असा बदलतो: लसीकरणात गोवा पुढं, रोजच्या राहण्यात बेळगाव. खानापूरला राहायचं तर पावसाळ्याआधी लेप्टोची (उंदराच्या मुतानं दूषित पाण्यातून होणाऱ्या रोगाची) लस हवी, तिचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं, म्हणजे पहिला एप्रिलअखेर पडायला हवा. चिक्कोडीच्या मोकळेपणाला माझ्याकडे उत्तर नाही.

चिक्कोडीचा शेतकरी

एक राहिलं. मुधोळ गाव आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातलं, आणि मुधोळ हाउंड ही शिकारी कुत्र्याची जात तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी जपली. आता भारतीय लष्करही घेतंय. या भागाचं हवामान, ऊन, माती तिच्या अंगात आहे. मग सीमाभागात हस्की आणून एसीत का ठेवायचा?

शहापूरची गल्ली

मुधोळ गल्लीत पाळू नका, एवढंच जोडतो. नजरेनं शिकार करणारी जात आहे, मांजर दिसलं की वाहनं दिसत नाहीत. आणि तिचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. साधा बकलाचा पट्टा कितीही आवळा, कुत्र्यानं मागं रेटा दिला की तो कानांवरून सरकून हातात येतो. दोन बोटांहून रुंद, ओढ पडली की आपोआप आवळणारा आणि ओढ गेली की सैल होणारा मार्टिंगेल पट्टा घ्या. आवळल्यावर दोन्ही कड्यांमध्ये दोन बोटं मावली पाहिजेत. कडी एकमेकांना टेकत असतील तर पट्टा ढिला आहे, एक माप लहान आणा.