मदत हवी आहे: जपानमधील यामागाताच्या देवा सान्झान परिसराचा प्रवास

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आई-वडिलांसह टोकियो-क्योतोची गर्दी टाळून यामागाता प्रांतातील त्सुरुओका आणि हागुरो, गास्सान व युदोनो या तीन पवित्र पर्वतांच्या परिसरात निवांत राहावे, असा आमचा विचार आहे. निगातापर्यंत शिंकान्सेन आणि पुढे किनाऱ्याने जाणारी ‘इनाहो’ गाडी, हा मार्ग ठरला आहे.

हागुरोवरील देवदारांसारख्या उंच सुगी वृक्षांमधून जाणाऱ्या 2,446 दगडी पायऱ्या वडिलांच्या गुडघ्यांना झेपणार नाहीत. त्यामुळे पायथ्याजवळचा पाचमजली लाकडी पॅगोडा पाहून पुढे बसने माथा गाठता येईल का, आणि त्या बसच्या फेऱ्या पुरेशा असतात का, हे कृपया सांगावे.

मुख्य प्रश्न जेवणाचा आहे. आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत आणि जपानमध्ये साध्या भाजीच्या रश्शातही सुक्या माशाचा अर्क असतो. यात्रेकरूंच्या निवासांत रानभाज्या व तिळाच्या तोफूचे पारंपरिक बौद्ध शाकाहारी जेवण, म्हणजेच ‘शोजिन र्‍योरी’ मिळते; मात्र त्यांच्याकडे मासळीविरहित रस्सा आधी कळवून मागावा लागतो का? तिथे राहिलेल्यांनी अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती.