क्रूझचे पूर्ण पैसे भरल्यावर आता इंधन अधिभार मागतायत, मदत हवी आहे

आम्ही रत्नागिरीचे चौघे, मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझचं बुकिंग जूनमध्येच केलंय. जीएसटीसकट सगळे पैसे भरले, पावती आहे. आता, निघायला १८ दिवस उरले असताना मेल आलाय: जहाजाचं तेल महागलं, माणशी दर रात्री ४५० रुपये अधिभार. चार रात्रींचे ७२०० झाले. सात वर्षांच्या मुलीलाही पूर्णच! तिच्या वजनाने असं कितीसं तेल जास्त जळणार आहे, देव जाणे.

अटींत बारीक अक्षरात ‘इंधनाचे दर वाढल्यास अधिभार लागू शकतो’ एवढंच आहे. जास्तीत जास्त किती, कधीपर्यंत, काही नाही. एजंट म्हणतो कंपनीला विचारा, कंपनी म्हणते एजंटला. ग्राहक हेल्पलाइनला (१९१५) तक्रार नोंदवलीय, उत्तर यायचंय. रद्द केलं तर निम्मे पैसे जातात, त्यामुळे तो सल्ला नको. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने इथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, तेही माहीत आहे.

माझा प्रश्न एवढाच: अधिभार न भरता बेलार्ड पियरला (मुंबईतला क्रूझचा धक्का) गेलेल्या कोणाला जहाजावर चढू दिलंय का? की ‘हरकत राखून भरत आहे’ असं मेलवर लिहून भरावेत? तसे भरून नंतर कोणाला परत मिळालेत का?