शब्दचर्चा : किंमत, भाव, दर की मूल्य?

प्रश्न

क्रिप्टो चलनांचे भाव पुरवणाऱ्या एका साधनाची माहिती मी मराठीत लिहीत आहे. ती माणसे वाचतीलच, परंतु तिचा मुख्य वाचक एआय एजंट, म्हणजे अशी साधने स्वतः वापरून लोकांच्या प्रश्नांना उत्तर देणारी संगणक प्रणाली, आहे. मराठीतून प्रश्न आला की हे साधन वापरायचे की नाही आणि हाती आलेल्या आकड्याचा अर्थ काय लावायचा, हे तो या वर्णनावरूनच ठरवतो. पहिल्या मसुद्यात मी सर्वत्र ‘किंमत’ हा शब्द वापरला. चाचणीत ‘बिटकॉइनची किंमत किती?’ असे विचारल्यावर एजंटने एका नाण्याच्या भावाऐवजी चलनात असलेल्या सगळ्या नाण्यांची मिळून होणारी रक्कम सांगितली, कारण एका नाण्याचा भाव आणि ही रक्कम या दोन्ही रकान्यांच्या वर्णनात ‘किंमत’च होती. या शब्दांची वाटणी कशी करावी?

उत्तर १

‘किंमत’ हा फारसीमार्गे आलेला अरबी शब्द आता इतका सैल झाला आहे की वस्तूची, माणसाची, चुकीचीही किंमत असते. ‘भाव’ तसा नाही. बाजार समितीत कांद्याचा भाव विचारला तर कुठला, कोणत्या दिवसाचा आणि क्विंटलमागे किती, हे प्रश्न त्यात गृहीतच असतात, आणि म्हणूनच तेथील पत्रकावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे एका ओळीत छापले जातात. आपल्या साधनाला नेमके हेच सांगायचे आहे : अमुक बाजारात, अमुक क्षणी, एका नाण्यामागे इतके रुपये किंवा इतके डॉलर. तेव्हा एका नगासाठी ‘भाव’ लिहावे. ‘दर’ हा शब्द रुपया-डॉलर विनिमयासाठी राखून ठेवावा, कारण डॉलरमधला भाव रुपयांत सांगताना दोन्ही शब्द एकाच वाक्यात लागतात.

भाव गुणिले चलनातील नाण्यांची संख्या, या रकमेला वृत्तपत्रे ‘बाजार भांडवल’ म्हणतात. हा शब्द मला पटत नाही. भांडवल म्हणजे कोणीतरी प्रत्यक्ष घातलेला पैसा. येथे तर शेवटच्या सौद्याच्या भावाने सगळा साठा मोजलेला असतो. ‘एकूण बाजारमूल्य’ म्हणावे आणि ‘एकूण’ कधीही गाळू नये.

उत्तर २

वाटणी योग्य आहे, परंतु खरी फसगत ‘आजचा’ या शब्दात आहे. शेअर बाजार दुपारी बंद होतो, त्यामुळे ‘बंद भाव’ म्हटले की शंका उरत नाही. क्रिप्टोचा बाजार रविवारीही चालू असतो. माहिती पुरवणारे बहुतेक जण जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री दिवस बदलतात, म्हणजे भारतात पहाटे साडेपाचला. शिवाय ‘२४ तासांतील बदल’ हा या क्षणापासून मागे मोजलेला असतो. पहाटे सहाला ‘आज भाव किती वाढला?’ असे विचारणाऱ्याला दिवसाच्या हिशेबाने अर्ध्या तासाचा बदल मिळेल आणि मागे मोजलेल्या हिशेबाने पूर्ण दिवसाचा. वर्णनात ‘आजचा बदल’ लिहूच नये; ‘मागील २४ तासांतील बदल’ असेच लिहावे.

‘टोकन’ या शब्दाचीही हीच गत आहे. येथे ते एक प्रकारचे क्रिप्टो नाणे आहे, भाषा मॉडेलच्या (एजंटची उत्तरे तयार करणाऱ्या प्रणालीच्या) जगात ते मजकुराचा तुकडा आहे, आणि साधनाला प्रवेश देणाऱ्या गुप्त किल्लीलाही टोकनच म्हणतात. तिन्ही अर्थ एकाच पानावर येत असतील तर निदान तिसऱ्याला ‘प्रवेश-किल्ली’ म्हणावे.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांचा आभारी आहे. त्यानुसार बदललेला मजकूर असा :

‘हे साधन एका क्रिप्टो चलनाचा शेवटचा नोंदलेला भाव, तो कोणत्या चलनात आहे ते आणि नोंदीची वेळ देते. तीन-चार अक्षरी चिन्ह अनेक नाण्यांचे एकच असू शकते, म्हणून आधी नाण्याचे ओळखनाव शोधावे आणि मग भाव मागावा. भाव रिकामा आल्यास तो शून्य समजू नये.’

लोक मात्र ‘किंमत’, ‘रेट’ असेच विचारणार. ते शब्द काढून टाकले तर एजंटला हे साधन सापडणार नाही, अशी भीती वाटते.

उत्तर १

काढू नका. ‘किंमत, रेट किंवा भाव विचारल्यास हे साधन वापरावे’ असे एक वाक्य आरंभी घाला आणि रकान्यांच्या वर्णनात केवळ ‘भाव’ ठेवा. शेवटच्या वाक्यात एक भर हवी. ‘शून्य समजू नये’ म्हटल्याने काय करू नये ते कळते, पण मग करावे काय? मॉडेलला प्रशिक्षणातला जुना आकडा आठवत असतो आणि रिकामी जागा दिसली की तो तेथे जाऊन बसतो. म्हणून ‘भाव मिळाला नाही, असे वापरकर्त्याला सांगावे, आठवणीतला आकडा देऊ नये’ हेही लिहा. आणखी एक, आकड्यांत स्वल्पविराम नकोत : आपण १०,००,००० असे लिहितो, इतरत्र १,०००,००० असे लिहितात. लाख-कोटींची मांडणी एजंटने उत्तर देताना करावी.