वाचल्याशिवाय सही नाही

आईचे संस्कार म्हणजे शुभंकरोती आणि स्वयंपाक, असं काहीजण म्हणतात; मला ते पटत नाही. आम्ही बडोद्याचे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींसाठीसुद्धा; त्यामुळे माझी पणजी लिहा-वाचायला शिकली. तिने आजीला, आजीने आईला बजावलं: वाचल्याशिवाय कशावरही सही करायची नाही, नवऱ्याने कागद पुढे केला तरी. दांडिया बाजारच्या घरात आई दुपारी मला गुजराती वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला लावायची, मध्येच थांबवून अर्थ विचारायची. (घरात मराठी, बाहेर गुजराती, दोन्ही पक्कं हवं हा तिचा हट्ट.) भावाने फ्लॅट घेतला तेव्हा खरेदीखतात वहिनीचंही नाव आईनेच घालायला लावलं. आता माझी मुलगी बँकेचा फॉर्म ओळ न ओळ वाचते, त्याचा मला फार अभिमान वाटतो.