रमचं वय बघा, पण ती कुठे मुरली तेही बघा

रम 'जितकी जुनी तितकी भारी' असं म्हणतात, त्याला माझी फोडणी. आधी रम पिपात कुठे मुरली ते बघा. स्कॉटलंडच्या गारठ्यात पिपातला वर्षाला साधारण २ टक्के माल हवेत उडतो, कॅरिबियन उकाड्यात त्याच्या तिप्पट तरी. त्यामुळे लेबलवर वयाचा आकडा एकच असला तरी ग्लासात दोन वेगळे प्राणी!

माझी लाडकी गयानाची पोर्ट मोरांट, लाकडी पॉट स्टिलमधली, म्हणजे दारू गाळायच्या लाकडी भांड्यातली. स्वतंत्र बाटलीवाले, म्हणजे दुसऱ्यांची रम घेऊन आपल्या नावाने विकणारे, बऱ्याचदा नुसतं 'पीएम' छापतात. युरोपात मुरलेली असेल तर बडीशेप आणि नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास. गयानातच मुरलेली मात्र काळ्या गुळासारखी दाट, आणि वय फार झालं की लाकूड इतकं चढतं की जीभ कोरडी पडते. साठ टक्के अल्कोहोलच्या आसपासची असेल तर अर्धा चमचा पाणी घालून दहा मिनिटं विसरून जा.

आता कॅरोनी या रमबद्दल. त्रिनिदादचा तिचा कारखाना बंद पडून वीस वर्षं उलटली, म्हणून भाव असे. वास सरळ डांबराचा, रस्ता करताना येतो तसा. मला आवडतो. घरात इतर कुणाला नाही, माझा ग्लास गॅलरीत जातो.