चर्चा: धनिकाचा वाडा तिकीट काढून पाहावा काय?

परभणीकर
मुलीकडे अमेरिकेत गेलो असता नॉर्थ कॅरोलायना राज्यातील अ‍ॅशव्हिल येथील बिल्टमोर हा वाडा व त्याची उद्याने पाहिली. परतल्यावर मित्रमंडळींत सूर निघाला, की एका धनाढ्याची श्रीमंती पाहण्यासाठी महागडे तिकीट काढणे म्हणजे पैशाचा अपव्यय. मला हे मान्य नाही.

आगबोटी व रेल्वे यांवर गडगंज झालेल्या कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट यांचा नातू जॉर्ज याने १८८९ ते १८९५ या काळात हे २५० खोल्यांचे घर उभारले. खोल्या डोळे दिपवणाऱ्या आहेत, यात शंका नाही. पण माझ्या मनात राहिला तो वाड्याकडे नेणारा रस्ता. सुमारे पाच किलोमीटरचा हा रस्ता झाडीतून वळणे घेत जातो, शेवटच्या वळणापर्यंत वाडा नजरेस पडत नाही, आणि दुतर्फा असलेली झाडी पुरातन रानासारखी भासते. वस्तुतः वाड्याचे काम सुरू झाले तेव्हा वृक्षतोड आणि वर्षानुवर्षांच्या शेतीमुळे ही जमीन पार निकस झालेली होती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचे रचनाकार फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी जॉर्जला सल्ला दिला, की घरालगत लहानसे उद्यान व बागा कराव्यात, नदीकाठच्या सखल जमिनीत शेती करून मुख्यतः खतासाठी जनावरे पाळावीत, आणि उरलेल्या जमिनीवर जंगल वाढवावे. मराठवाड्यात वनक्षेत्र किती थोडे उरले आहे, हे आपण सारे जाणतो. लावलेले जंगल सव्वाशे वर्षांनी कसे दिसते, हे आपल्याकडच्या माणसाने संधी मिळाल्यास अवश्य पाहावे.

अंबाजोगाईकर
सर, आपल्या निरीक्षणाबद्दल आदर आहे, परंतु निष्कर्ष पटत नाही. एका माणसाला सुमारे १,२५,००० एकर जमीन विकत घेता आली, म्हणून हे जंगल झाले. त्या जमिनी लहान शेतकऱ्यांच्या हातून गेल्या, याचा विचार आपण केलेला दिसत नाही. सत्तर फूट उंच छताच्या भोजनगृहात पाहुण्यांच्या पंगती उठत होत्या, तेव्हा तळघरात राबणाऱ्या माणसांच्या वाट्याला काय येत होते? असा वाडा पाहून आपले लोक संपत्तीपुढे हात जोडायला शिकतात, आणि हीच मला खरी हानी वाटते.

लातूरची वाचक
दादा, तळघर तेथे झाकून ठेवलेले नाही. स्वयंपाकघरे, धोबीखाना आणि नोकरांच्या खोल्या हा त्याच तिकिटातील दर्शनाचा भाग आहे, त्यामुळे आपण विचारलेला प्रश्न पाहणाऱ्याच्याही मनात उभा राहतो.

जमिनीबाबतचा इतिहासही पुढे सांगायला हवा. १८९८ मध्ये याच जमिनीवर कार्ल शेंक यांनी वनशास्त्राची शाळा काढली. १९१४ मध्ये जॉर्जच्या निधनानंतर पत्नी एडिथ यांनी सुमारे ८७,००० एकर क्षेत्र सरकारला एकरी पाच डॉलरपेक्षा कमी दराने दिले, आणि तेथे पिसगा राष्ट्रीय वन आकाराला आले. १९३० मध्ये, महामंदीच्या दिवसांत, पर्यटनातून शहराला आधार मिळावा म्हणून वाडाही लोकांसाठी खुला झाला.

याउलट आपल्या गावोगावच्या गढ्यांचे काय झाले, ते पाहा. माळवदावर टाकायला पांढरी माती हवी, म्हणून गढीचाच बुरूज पोखरला गेला. खालची माती काढून नेल्यावर वरचा भाग एखाद्या पावसाळ्यात आपोआप बसला. त्या गढ्यांमध्येही अन्याय झाला असेल, परंतु वास्तूच उरली नाही, तर तो दाखवायचा कशाच्या आधारे?

अंबाजोगाईकर
ताई, गढ्यांबद्दलची हळहळ मलाही आहे, आणि राष्ट्रीय वनाचा मुद्दा मी मान्य करतो. मात्र तो माझ्याच बाजूचा आहे, कारण ते जंगल सर्वांचे झाले ते सरकारी मालकीमुळे. वाडा व भोवतीची सुमारे ८,००० एकर जमीन आजही कुटुंबाच्याच ताब्यात आहे. छत्रपती संभाजीनगरची हिमायत बाग मुघलकालीन आहे, आणि आज तेथे कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र व रोपवाटिका आहे. तेथून आंब्याचे कलम आणून शेतकरी बांधावर लावू शकतो. जुन्या बागेचा असा उपयोग मला अधिक पटतो.

परभणीकर
हिमायत बागेचे उदाहरण उत्तम आहे, परंतु त्याने माझे म्हणणे खोडले जात नाही. आपल्याकडे एखाद्या वाड्याचे वारसदार तो राखून लोकांना दाखवू इच्छीत असतील, तर त्यांनी माफक तिकीट लावावे आणि त्या पैशातून माळवद, विहीर व भोवतीची झाडे सांभाळावीत. यात गैर काय? शासन घेईल तेव्हा घेईल, या भरवशावर भिंती उभ्या राहत नाहीत.

अंबाजोगाईकर
माफक तिकिटाला माझा विरोध नाही, सर. अट एवढीच, की ज्या गावाने तो वाडा बांधायला घाम गाळला, त्या गावच्या लोकांना प्रवेश विनामूल्य असावा, आणि वाड्याची माहिती सांगताना मालकाच्या नावासोबत गवंड्यांची आणि कुळांची नावेही, जेथे कागदपत्रांत सापडतील तेथे, फलकावर लिहावीत.